पेटीत ६३ पेनं, लिहायला ५

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही ऐरोलीला राहता, वय ३४, नोकरी आयटीत. तीन वर्षांत ६३ फाउंटन पेनं घेतलीत आणि त्यातल्या पाचांनीच लिहिता. रात्री अकरानंतर मोबाइलवर नवं पेन दिसलं की हात आवरत नाही. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवता, कारण पेनं किती झाली हे घरी बायकोला माहीत नाही. कर्ज नाही, पण यंदा पीपीएफमध्ये पैसे भरायचे राहून गेले. आता वैतागून विचारताय की सगळी विकून टाकू का, आणि येत्या बुधवारी आणखी एक येतंय त्याचं काय करू.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांची साचे-हत्यारं बनतात तिथे, २७ वर्षं नोकरी केली. २००९ पासून पेनं दुरुस्त करतो, त्यातही मुख्यतः निबांचं काम. आधी नोकरी सांभाळून रविवारी करायचो, आता रोज सकाळी बसतो. कळव्यापासून वाशी-नेरुळपर्यंतचे लोक पेनं घेऊन येतात, त्यामुळे तुमच्यासारखे बरेच जण जवळून पाहिलेत. मनाचा डॉक्टर मी नाही. टेबलावर बसून जे दिसलं तेवढंच सांगतो.

‘स्वतःवर ताबा राहिलेला नाही’ असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण मला तुमचं दुसरं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं: ‘प्रत्येक पेन आल्यावर दोन-तीन दिवस लिहितो, मग काहीतरी कमी वाटतं.’ नव्याचे नऊ दिवस असतात हे ठीक, पण तुमचे तीनच दिवस का टिकतात? ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही शोधलेलं दिसत नाही. मला ते रोज भिंगाखाली दिसतं.

दोन वर्षांपूर्वी नेरुळहून एक गृहस्थ आले होते. साडीच्या खोक्यात ४१ पेनं. म्हणाले, यातली कोणती विकायची ते सांगा. मी म्हटलं, आधी लिहून बघू. एकेक निब शाईत बुडवून मी ‘श्री’ लिहायला लागलो. आपल्याकडे नवं पेन घेतलं की पहिल्यांदा ‘श्री’ काढतात, आणि निब तपासायला त्याच्याइतकं चांगलं अक्षर नाही. निब आडवी जाते, वळते, उभी खाली येते, वेलांटीला वर चढून पुन्हा उतरते. एका दिशेनं खरखर असेल तर तिथे लगेच कळते. ज्यांच्यात शाईच्या प्रवाहाची शंका आली त्यांच्यात मग नीट शाई भरून पानभर लिहिलं. या कामात दोन रविवार गेले. ४१ पैकी १५ पेनं मनासारखी लिहीत होती. बाकी २६ मध्ये काही ना काही बारीक खोट होती, आणि दोन-तीन सोडली तर सगळी दहा-पंधरा मिनिटांच्या कामात सुटण्यासारखी होती.

मग मी त्यांना ती पेनं खरेदीच्या तारखेनं टेबलावर रांगेत लावायला सांगितली. बिलं मोबाइलमध्ये होतीच. रांग लागल्यावर ते स्वतःच बोलायला लागले. हे कोरडं लिहायचं, म्हणून ‘ओलं’ लिहिणारं घेतलं. ते जुलैत कागदावर पसरायला लागलं, म्हणून एक्स्ट्रा फाइन, म्हणजे फार बारीक निबेचं घेतलं. ते ओरखडे काढायचं, म्हणून सोन्याच्या निबेचं घेतलं. ते पहिलीच रेघ उमटवायचं नाही, म्हणून जपानी घेतलं. एका पेनाची उणीव भरून काढायला दुसरं, दुसऱ्याची भरायला तिसरं. त्या रांगेत हौशीनं, आवडलं म्हणून घेतलेली पेनं फार तर दहा असतील. बाकी सगळी आधीच्या पेनाची चुटपुट होती.

मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. पेन मनासारखं लिहीत नसलं की हाताला चुटपुट लागते. ती हातालाच कळते, डोक्याला तिचं नाव सापडत नाही, आणि रात्री मोबाइलवर जो चकचकीत फोटो दिसतो तो त्या चुटपुटीला उत्तर वाटतो. म्हणून ‘यापुढे एकही घेणार नाही’ अशी शपथ घेतलेले लोक मी सहा-सात आठवड्यांत परत येताना पाहिलेत. शपथेनं खोट जात नाही, पेटीतली पेनं तशीच लिहीत राहतात.

आता या खोटी काय असतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला घरीच तपासता येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दागिने पाहायला सोनार वापरतात तसलं. काहीशे रुपयांत मिळतं. निबेचं टोक समोरून बघा. चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत असायला हवीत. एक केसभर वर असेल तर पेन एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लिहितं. वर आलेलं पातं नखानं हलकेच खाली दाबून, भिंगातून पुन्हा बघून हे सुधारतं. घाईनं जोर लावू नका. मग निब उजेडासमोर धरा. चिरेतून टोकापर्यंत बारीक होत जाणारी उजेडाची रेघ दिसली तर प्रवाह ठीक. टोकापाशी चीर घट्ट मिटलेली असेल तर पेन कोरडं लिहिणार. तिथे मी ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी चिरेतून अलगद फिरवतो. टूलरूममधली सवय इथे उपयोगी पडते.

तिसरी खोट फसवी असते. टोकावरचा कठीण धातूचा मणी कारखान्यात इतका गोल घासलेला असतो की चिरेच्या आतल्या कडाही गोल होतात. मग चिरेच्या तोंडाशी शाई येऊन थांबते आणि कागदाला टेकत नाही. पेन हातात एकदम गुळगुळीत लागतं, पण प्रत्येक शब्दाची पहिली रेघ गाळतं. याला बेबी बॉटम म्हणतात. ‘इतकं महागाचं आणि इतकं मऊ पेन, तरी लिहावंसं वाटत नाही’ असं कोणी म्हटलं की मी आधी हेच बघतो. हे काम मात्र घरी करू नका. घासलेला धातू परत येत नाही.

चौथं कारण अगदी साधं आहे. नव्या निबेवर आणि फीडवर, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागावर, कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुतलं की कितीतरी पेनं सुतासारखी सरळ होतात. शाईचंही तसंच. पेलिकन ४००१ कोरड्या वळणाची, म्हणजे कमी वाहणारी; पायलटची इरोशिझुकू ओली. कोरड्या पेनात कोरडी शाई भरून पेनाला नावं ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पावसाळ्याचा मुद्दा तर आपल्याकडे कोणी लक्षातच घेत नाही. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या या शहरांत कपाटातली वहीसुद्धा मऊ पडते. दमट कागदावर शाई फुटते, बारीक रेघ जाड दिसते. तुम्ही पाठवलेल्या यादीत तारखा आहेत त्या मी पाहिल्या. तिन्ही वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही बारीक निबेची पेनं घेतलीत आणि डिसेंबरात ‘फार बारीक लिहितं’ म्हणून मीडियम निबेची. पेन तेच होतं, कागद बदलला होता. पावसाळ्यात वहीतली पुढची वीसेक पानं काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्यांवर लिहून बघा. फरक लगेच कळेल.

तुमच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसली. त्यात ११ लामी सफारी आहेत. सफारी १९८० सालचं डिझाइन. दरवर्षी नवा रंग येतो आणि दरवर्षी तो ‘यंदाचाच’ असतो. पण निब तीच, फीड तेच. लामीच्याच अल-स्टार आणि व्हिस्टालाही तीच निब बसते. शिवाय हातानं घडवलेली एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, नऊ पेनं तुमच्याकडे आहेत. सुंदरच आहेत, पण नऊंनाही जोवो या जर्मन निब कंपनीची ६ नंबरची निब आहे. म्हणजे २० पेनं घेऊन तुम्ही लिहिण्याचे अनुभव दोनच घेतलेत. जोवोची निब आट्यांच्या घरासकट फिरवून निघते. ब्रॉड (जाड) किंवा १.१ मिलिमीटरची स्टब (सपाट, रुंद टोकाची) निब नुसती विकत घेतली तर नव्या पेनाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात पूर्ण वेगळं पेन हातात येतं. फक्त बॉक या दुसऱ्या निब कंपनीचं घर जोवोच्या जागी बसत नाही, आटे वेगळे असतात, तेवढं बघून घ्या.

स्टबचा विषय निघालाच तर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सांगतो. बाजारातली स्टब आणि इटॅलिक निब रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घासलेली असते. देवनागरीतल्या जाड-बारीक रेघा बोरूमुळे घडल्या, आणि बोरूचा छेद उलट्या बाजूला तिरका असतो. त्यामुळे स्टब घेऊनही अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं दिसत नाही. लोकांना वाटतं, ही स्टब बरोबर नाही, दुसरी घेऊ. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या, त्यांनी अशी चार पेनं घेतली होती. त्यातल्या एका स्टबचा कोन मी बदलून दिला. बाकीची तीन त्यांनी नंतर भाच्यांना देऊन टाकली. आणि ज्यांना बारीक अक्षरात वही भरायची असते त्यांनी जपानी फाइन किंवा युरोपीय एक्स्ट्रा फाइनच घ्यावी. जपानी फाइन युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते. ब्रॉडनं ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पोटं भरून जातात.

हे सगळं खरं असलं तरी रात्रीचं काय, असं तुम्ही म्हणाल. तो भाग वेगळा आहे आणि तो मी स्वतः भोगलाय.

२०१७ मध्ये रात्री पाऊण वाजता मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून क्रमांक घातलेलं मर्यादित आवृत्तीचं पेन घेतलं. पानावर ‘फक्त २ शिल्लक’ असं लाल अक्षरांत होतं. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून ते माझ्या महिन्याच्या दुरुस्तीच्या कमाईपेक्षा महाग पडलं. आलं तेव्हा टोपणाला तडा होता. विक्रेत्यानं एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मला राग आला, पण त्याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा झाला. ज्या रात्री ते घेतलं त्या दिवशी सकाळी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या जुन्या पेनाचं सेक्शन, म्हणजे बोटांनी धरायचा भाग, उष्णता देताना तडकलं होतं. तो माणूस काही बोलला नाही, नुसतं पेन हातात घेऊन बघत राहिला. दिवसभर ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. रात्रीची खरेदी त्या दिवसाची होती. पेनाचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता.

म्हणून एक काम करा. मोबाइलमधल्या ऑर्डरी काढा आणि शेवटच्या वीस खरेद्यांपुढे तारीख, वेळ आणि त्या दिवशी काय झालं होतं ते हातानं लिहा. सगळं आठवणार नाही, निम्मं आठवलं तरी पुरे. काहींच्या यादीत पगाराच्या दुसऱ्या दिवसाच्या खरेद्या निघतात, काहींच्या ऑफिसातल्या अप्रेझलनंतरच्या, काहींच्या मुलं झोपल्यावरच्या. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी फाउंटन पेन डे असतो, आगेमागे दिवाळी असते, तेव्हा सगळीकडे सवलती लागतात, तेही दिसेल. तुमची वेळ कोणती ते तुम्हालाच सापडेल. ती सापडल्याशिवाय उपाय ठरवण्यात अर्थ नाही.

पूर्वी पेन घ्यायचं म्हणजे स्टेशनवर उतरून दुकानात जायचं, काउंटरवर दोन-चार पेनं काढायला सांगायची, लिहून बघायची आणि पाकिटातल्या नोटा मोजायच्या. प्रत्येक पायरीवर माणूस थांबू शकत होता. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आता चार-सहा आकड्यांचा पिन टाकला की काम झालं. मी काही त्याच्या विरोधात नाही, माझी दुरुस्तीची मजुरीही त्यावरच येते. पण मध्ये थांबायला एक पायरी आपणच बांधावी लागते. माझी पायरी म्हणजे दोनशे पानी वही. जे पेन हवंसं वाटतं त्याला एक पान द्यायचं. वर तारीख. खाली कुरिअर-ड्युटीसकट पूर्ण किंमत, निब कोणती, आणि माझ्याकडचं त्याच्या सगळ्यांत जवळचं पेन कोणतं. हे पान त्या जवळच्या पेनानंच लिहायचं. मग ‘नवीन पेन असं काय करेल जे हे करत नाही’ याचं उत्तर पाच-सहा ओळींत. महिनाभरानं तेच पान उघडायचं, तोवर नाही.

बऱ्याचदा ते पान लिहितानाच कळतं की जवळचं पेन कुठेतरी अडखळतंय. मग त्याची निब बघायची. आणि काही वेळा महिन्यानंतरही ते हवंसंच वाटतं. तेव्हा मी घेतो, मनात काही न ठेवता घेतो. गेल्या वर्षी असंच प्लॅटिनम ३७७६ हे जपानी पेन घेतलं. टोपण लावलं की आत हवा जात नाही अशी त्याची रचना आहे, त्यामुळे महिनाभर पडून राहिलं तरी पहिल्या रेघेला लिहितं. माझ्याकडच्या कोणत्याच पेनात ते नव्हतं, आणि वहीतल्या पानावर तसं लिहिलेलं होतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो.

तुमच्यावर कर्ज नाही, म्हणून मी इतकं शांतपणे लिहितोय. कोणी क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरून पेनं घेत असेल, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. त्या माणसानं निबा तपासत बसू नये, आधी कार्डावरची खरेदी बंद करावी आणि पेनं विकून देणं फेडावं. पीपीएफ राहिला हेही मी हलकं समजत नाही. यावर्षीचा हप्ता पगार आला की त्याच दिवशी वळता होईल असं करून टाका. तो पेनांच्या आधी जाऊ दे.

तुम्ही खरे संग्राहक असाल तर हिशेब वेगळा. माझ्या ओळखीचे एकजण फक्त जुनी भारतीय पेनं जमवतात. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनची, स्वदेशीच्या आग्रहातून १९३२ पासून राजमहेंद्रीला बनत आलेली रत्नमची. त्यांच्याकडे २०० च्या वर पेनं आहेत आणि त्यांना मी कधीच ‘थांबा’ म्हटलेलं नाही. आपल्याकडे काय नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि जे यादीत बसत नाही ते फुकट दिलं तरी ते घेत नाहीत. तुमच्या ६३ मध्ये मला असा धागा दिसला नाही. तुम्हाला दिसत असेल तर तो एका ओळीत लिहून काढा, मग आपण वेगळं बोलू.

आणि तिसरं. न घेतल्यावर झोप लागत नसेल, घेतल्यावर लगेच अपराधी वाटत असेल, पेनांसारखंच घड्याळं, बूट, गॅजेट यांचंही होत असेल, तर माझ्या भिंगाचं ते काम नाही. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही. डोळे आले तर आपण डॉक्टरकडे जातोच.

सगळी विकू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. एका रात्रीत ६३ विकणं ही त्याच हाताची त्याच वेगानं केलेली गोष्ट आहे. पेटी रिकामी करून सहा महिन्यांत तीच पेनं जास्त पैसे देऊन परत घेणारे तीन जण माझ्या माहितीत आहेत. आधी सगळी धुऊन, भिंगाखाली बघून घ्या. मग एकसारख्या निबेची जास्तीची काढा. ११ पैकी आवडत्या रंगाच्या दोन सफारी ठेवा, नऊपैकी तीन एबोनाइटची ठेवा. बाकी हळूहळू, दोन-तीन महिन्यांत द्या. विकताना खोट असेल ती सांगून विका. वापरलेल्या पेनाला घेतलेल्या किमतीपेक्षा कमीच मिळतात, आणि ‘इतक्याला घेतलं होतं’ म्हणून अडून बसलात तर ती पेटीतच राहतील.

पेटीत ठेवलं की पेन जसंच्या तसं राहतं, हाही एक समज आहे. ठाण्याच्या हवेत राहत नाही. जुन्या पेनांतल्या शाईच्या रबरी पिशव्या चिकट होऊन फाटतात. काळं एबोनाइट उजेडानं आणि दमटपणानं तपकिरी पडतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या निबेवर शाई वाळून राहिली तर डाग धरतात. सेल्युलॉइडची (एक जुन्या काळचं प्लॅस्टिक) पेनं घट्ट बंद डब्यात ठेवली तर त्यातून निघणाऱ्या वायूनं शेजारच्या धातूला गंज चढतो, त्यांना हवा लागते. जेवढ्या पेनांची निगा राखता येते तेवढीच खऱ्या अर्थानं आपली. शाई भरलेली एका वेळी चारच ठेवा. एक आटल्याशिवाय पाचवं भरू नका.

शाईचाही हिशेब करून बघा. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनातल्या शाई ओढून भरायच्या नळीत, साधारण पाऊण मिलिलिटर शाई मावते. ५० मिलिलिटरची दौत म्हणजे ६५ हून जास्त वेळा भरणं. आठवड्याला एकदा भरलीत तर एक दौत सव्वा वर्ष पुरते. तुमच्याकडे १९ दौती आहेत, म्हणजे २४ वर्षांची शाई.

घरच्या गोष्टीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण तुम्ही ते स्वतः लिहिलंय म्हणून बोलतो. कळव्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. यजमान जाऊन तीन महिने झाले होते. कपाटाच्या मागच्या बाजूला दोन डबे सापडले, पेनांनी भरलेले, बऱ्याच पेनांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. त्यांना याची काहीच कल्पना नव्हती. किंमत विचारायला आल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, ‘यातलं ते लिहायला वापरायचे ते कुठलं?’ मी एकेक निब भिंगाखाली धरली. वर्षानुवर्षं एकाच हातानं लिहिलं की टोकावरचा मणी त्या हाताच्या कोनात झिजतो, एक चपटी जागा तयार होते. ती डब्यातल्या एकाच पेनावर होती. साधं, हिरव्या रंगाचं, टोपणाचा क्लिप सैल झालेलं. त्या जागेवरून हात कसा धरत असतील तेही मला सांगता आलं, पेन थोडं आडवं आणि डावीकडे कललेलं. बाई ‘हो’ म्हणाल्या. ते पेन पर्समध्ये ठेवलं, डबे माझ्याकडेच ठेवून गेल्या. पुढे आठ दिवसांनी त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला.

तुमच्या बायकोला आकडा सांगा. ६३ हा आकडाच सांगा, ‘थोडी जास्त झालीत’ असं नको. पैसे किती गेले तेही सांगा, आणि पीपीएफचंही तुमच्याच तोंडून कळू दे. त्या रागावतील. रागावल्या तर त्या बरोबर आहेत. पण पार्सल ऑफिसला मागवायचं म्हणजे प्रत्येक पेनाबरोबर एक लपवणं घरी येतं, आणि मला वाटतं ते दोन-तीन दिवसांतच नकोसं वाटण्यामागे हेही असावं. जे पेन घरात उघडपणे टेबलावर ठेवता येत नाही त्यानं लिहिणार कसं?

आता बुधवारचं पार्सल. परत पाठवू नका. परतीचं कुरिअर, पैसे अडकणं, यात जीव शिणेल आणि मूळ काम मागे पडेल. ते घ्या, ऑफिसात उघडू नका. घरी न्या, आकडा आधी सांगा आणि मग त्यांच्यासमोर उघडा. पहिली ‘श्री’ त्यांना काढू दे. त्यांचा हात वेगळा आहे, तुम्हाला न जाणवलेली खरखर त्यांना जाणवू शकते. ६४ वं म्हणून वहीत त्याला एक पान द्या, आणि ते पान भरेपर्यंत दुसऱ्या कुठल्या पेनात शाई भरू नका. फक्त शाई घालण्याआधी निब आणि फीड कोमट पाण्यात, लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा, आणि रात्रभर जुन्या सुती कापडावर टोक खाली करून ठेवा. गुरुवारी सकाळपर्यंत वाळेल.